माँटगोमेरी : मातीत आणि लोखंडात जपलेले पूर्वज

अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूला देण्यास नकार दिला तो याच शहरात. त्यानंतर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली तेथील कृष्णवर्णीय जनतेने ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. तिकडे तो लढा चालू असतानाच इकडे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लाखो बांधवांना धम्मदीक्षा दिली. त्या समाजाच्या लढ्याकडे बाबासाहेबांचेही लक्ष होते. १९४६ साली त्यांनी डॉ. ड्युबॉईस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिले होते.

भाचा अटलांटा येथे नोकरीला आहे. त्याच्याकडे जाण्याचा योग आला तेव्हा तेथून मोटारीने अडीच तासांवर असलेले हे शहर पाहिल्याशिवाय परतायचे नाही, असे ठरवले होते.

ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलांच्या संस्थेने येथे २०१८ साली एक स्मारक उभारले. १८७७ ते १९५० या काळात गोऱ्या जमावांनी ठार मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांचे हे स्मारक. जिल्ह्यागणिक एक असे ८०० हून अधिक लोखंडी स्तंभ, आणि त्यांवर मृतांची नावे कोरलेली. सुरुवातीला स्तंभ आपल्या नजरेसमोर असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि तेच स्तंभ डोक्यावर टांगलेले दिसतात. तेथे कोणी मोठ्याने बोलत नाही. आवारात घानाचे शिल्पकार क्वामे अकोटो-बाम्फो यांनी केलेल्या साखळदंडातील स्त्री-पुरुषांच्या मूर्ती आहेत. त्यांच्या देशातील अकान लोकांत मृत वडीलधाऱ्यांचे चेहरे मातीत घडवण्याची जुनी चाल होती. त्याच परंपरेतून या कलावंताने गुलाम पूर्वजांचे शेकडो चेहरे घडवले आहेत.

संग्रहालयात काचेच्या बरण्या मांडल्या आहेत. जेथे माणूस मारला गेला तेथे त्याचे वंशज आणि गावकरी जाऊन स्वतःच्या हाताने माती खणतात, बरणीत भरतात आणि वर त्याचे नाव, ठिकाण व तारीख लिहितात. कुठली माती तांबडी, कुठली काळी, कुठली वाळूसारखी फिकट. कित्येकांचा फोटो नाही, थडगे नाही. घरच्यांच्या हाती आली ती एवढी माती, तिचेच त्यांनी स्मारक केले.

२०२४ साली नदीकाठी १७ एकरांचे शिल्प उद्यान खुले झाले. गुलामांनी भाजलेल्या विटा तेथे हाताने चाचपता येतात. उद्यानाच्या शेवटी उघड्या ग्रंथासारखी भिंत आहे, ४३ फूट उंच आणि १५० फुटांहून लांब. तिच्यावर १,२२,००० आडनावे कोरली आहेत. १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांची नावेच नव्हती. मालकाच्या नावाखाली वय, स्त्री की पुरुष अशी नोंद. मुक्तीनंतर १८७० साली त्यांची नावे-आडनावे प्रथमच खानेसुमारीत आली. तीच आडनावे या भिंतीवर आहेत. एक म्हातारी बाई नातवाला आपले आडनाव बोटाने दाखवत होती. ते पाहून भाच्याने विचारले, "मामा, माझ्या पणजीचं नाव काय होतं?" आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नाही.

दगडू, धोंडू, कचरू अशी नावे आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आली. पणज्यांची तर तीही कोठे लिहिली गेली नाहीत. धम्मदीक्षेनंतर आपण मुलांची नावे गौतम, सिद्धार्थ, यशोधरा ठेवली, हे योग्यच झाले. पण ज्यांनी गावकीचे ओझे वाहिले आणि तरी आपल्याला शाळेत धाडले, त्यांची आठवण त्यांच्याबरोबर जाऊ द्यायची काय?

याच उद्यानात ॲलिसन सार या शिल्पकार बाईंचे काम आहे. त्यांच्या आई बेटी सार याही मोठ्या कलावंत. त्यांची आवडती हॅटीआजी वारली. तेव्हा आजीच्या जुन्या वस्तू लाकडी पेटीत मांडून त्यांनी तिच्या आठवणीची कलाकृती केली. त्यासाठी संगमरवर लागला नाही की मोठा पैसा.

असे काम आपल्या वस्तीतही होऊ शकते. आजोबांची काठी, गिरणीचा पास, आजीचे जाते, दीक्षेला नेसलेले पांढरे लुगडे अशा वस्तू अजून कित्येक घरांच्या माळ्यावर असतील. भंगारवाल्याला देण्याआधी थांबा. घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून चार पिढ्यांची नावे लिहून घ्या, त्यांत बायांची नावे माहेरासकट घ्या. गावाकडची मूठभर माती आणा. मुलांना शाडूचे चेहरे करू द्या, लाकडी खोक्यात या वस्तू मांडू द्या, खाली नाव लिहू द्या. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला प्रत्येक बुद्धविहारात अशा पाच-दहा पेट्या मांडल्या तरी वस्तीचा इतिहास मुलांच्या डोळ्यांसमोर उभा राहील. घरात नव्वदीची आजी असेल तर हे काम याच रविवारी सुरू करावे, ही सर्वांना विनंती. जय भीम!