फिरवावा असा शब्द

मराठीत शब्दाला वजन आहे. शब्द देतात, शब्द पाळतात, शब्दाला जागतात. आणि ज्याने शब्द फिरवला त्याच्याशी सोयरीक करताना माणसे दहा वेळा विचार करतात. लातूर-नांदेडकडे तर आजही कितीतरी व्यवहार तोंडी उभे राहतात. आडतीवरची उचल, सालगड्याची बोली, खोलीचे भाडे, सगळे शब्दावर. अशा मुलखात गेल्या काही वर्षांत घराघरांत एक शब्द शिरला आहे, जो पाळण्यात शहाणपण नाही, फिरवण्यात आहे. तो म्हणजे वाय-फायचा पासवर्ड. जोडणी द्यायला आलेल्या पोराने पहिल्या दिवशी जो टाकला, तोच चार-चार वर्षे चालतो. तो बदलायचा म्हटले की हात अडखळतो. शेजारच्या काकूंना काय वाटेल, वरच्या खोलीतली पोरे काय म्हणतील, पाहुण्यांना ‘तोडल्या’सारखे होईल का, असे प्रश्न पुढे येतात. हा संकोच सज्जनपणाचा आहे, पण चुकीच्या जागी खर्च होतो आहे. पासवर्ड बदलल्याने दिलेला शब्द मोडत नाही. दिलेला शब्द परत घेण्याची दुसरी कुठली रीतच नसते, म्हणून तो बदलायचा.

किल्लीचा हिशेब वेगळा असतो. घराच्या किल्ल्या दोन किंवा तीन. एक कमरेला, एक शेजारी ठेवलेली. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून ती मागता येते, आणि त्याने परत केली की त्याच्याकडे काही उरत नाही. शब्दाचे तसे नाही. सांगणाऱ्याकडे तो राहतोच आणि ऐकणाऱ्याकडेही जातो. ऐकणारा तिसऱ्याला सांगतो, तरी दोघांचेही काही कमी होत नाही. फोनने हे आणखी सोपे केले. 2019 साली आलेल्या अँड्रॉइड 10 पासून फोनच्या पडद्यावर चौकटीचौकटींचा कोड उघडता येतो, दुसऱ्याने तो टिपला की जोडणी होते, आणि अनेक फोनांत त्या कोडाखाली पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेलाही असतो. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरात याचा अर्थ काय होतो ते पाहावे. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांच्या ओढीने दरवर्षी उन्हाळ्याअखेर गावोगावची पोरे येतात, दोन वर्षे खोली करून राहतात, मेसचा डबा लावतात, वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देऊन निघून जातात. गादी जाते, पेटी जाते, पुस्तकांचे गठ्ठे रद्दीत जातात. पासवर्ड मात्र कुणी ठेवून जात नाही. भिंतीवरच्या चिठ्ठीत तो तसाच असतो आणि दर वर्षी नव्या फोनांत उतरतो. खोलीत राहणारे चारच असतात. तो शब्द ठाऊक असलेल्यांची संख्या फक्त वाढत जाते, कमी कधीच होत नाही.

ही गोष्ट जुन्या पहारेकऱ्यांना पुरती ठाऊक होती. पासवर्डला मराठीत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. त्यातला ‘परवल’ म्हणजे गोऱ्या पलटणीतला ‘परोल’, मराठी जिभेवर घासून गुळगुळीत झालेला. आणि परोल मुळात फ्रेंच, अर्थ नुसता ‘शब्द’. रात्रीच्या चौकीवर समोरून येणाऱ्याने तो उच्चारला की वाट मोकळी. पण तो रोज बदलायचा. काल ज्यांनी पहारा दिला त्यांच्यावर आज संशय आला म्हणून तो बदलत नसत. रात्रभरात तो शंभर तोंडांतून गेलेला असतो, कुठल्या तरी झुडपाआड कुणी ऐकलेला असतो, म्हणून सकाळी तो शिळा धरायचा. औसा, उदगीर, कंधार या आपल्याकडच्या तिन्ही किल्ल्यांना खंदक आहेत. खंदक शतकानुशतके टिकला, कारण तो दगडामातीचा आहे. शब्दाला तसे आयुष्य नाही. भाकरी शिळी झाली म्हणून करणारीचा अपमान होत नाही. शब्द शिळा झाला म्हणून ऐकणाऱ्याचाही होऊ नये.

शिळ्या शब्दाने नेमके काय बिघडते, हे मात्र नुसत्या उपमेवर सोडून चालणार नाही. घरगुती वाय-फायचे आज सर्वांत रुळलेले कुलूप, म्हणजे डब्ल्यूपीए-2, हे 2004 सालचे. त्यात साऱ्या घराचा शब्द एकच असतो. ज्याला तो ठाऊक आहे आणि ज्याने एखादा फोन राउटरला जोडला जातानाची सुरुवातीची देवघेव टिपली, त्याला त्या फोनची हवेतून जाणारी रहदारी उलगडता येते. 2018 साली आलेल्या डब्ल्यूपीए-3 ने ही फट बुजवली, पण घरातल्या जुन्या राउटरला ते ठाऊकच नसते. शब्द ठाऊक नसला तरी ओळखता येतो, ही दुसरी गोष्ट. 2021 साली सायबरआर्क या कंपनीच्या एका संशोधकाने तेल अवीव शहरात फिरून पाच हजार वाय-फाय जाळ्यांचे नमुने हवेतून टिपले आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक पासवर्ड घरी बसून उलगडले. कारण साधे होते. त्यांतल्या बऱ्याच लोकांनी आपला मोबाइल नंबर हाच पासवर्ड ठेवला होता. आपल्याकडे वेगळे काय आहे? मोबाइल नंबर दहा आकडी, पहिला आकडा सहा ते नऊ. म्हणजे सगळे मिळून चारशे कोटी पर्याय. ऐकायला आकडा प्रचंड आहे, पण ताकदवान ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचे काम आहे. आणि इथे तर तेवढ्या खटाटोपाचीही गरज नाही, कारण तोच नंबर ‘खोली भाड्याने देणे आहे’ या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवलेला असतो. कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवावी, तसा हा प्रकार.

तरीही कुणी म्हणेल, वापरले चार पोरांनी फुकट नेट, तर काय आभाळ कोसळले? नेट थोडे हळू होते, एवढेच. खरे नुकसान वेगाचे नसतेच, नावाचे असते. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्या दारात चौकशी येते. याचा धडा महाराष्ट्राने 2008 साली घेतला आहे. 26 जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, आणि त्याआधी काही मिनिटे माध्यमांकडे आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरात. तिथल्या परदेशी रहिवाशाचा त्या कटाशी संबंध नव्हता. त्याचे वाय-फाय उघडे होते, एवढेच. पुढच्या दोन महिन्यांत असेच मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कार्यालयाच्या वाय-फायवरून गेले. 2009 च्या आरंभी मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन गल्लोगल्ली उघडी जाळी शोधत फिरले, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवणाऱ्यांना वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. कायद्याच्या बाजूने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-क हे कलम आहे: दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण चोर सापडेपर्यंत खुलासे द्यायचे ते घरमालकालाच. चार वर्षांत कुणाकुणाला पासवर्ड दिला ही यादी त्याच्याकडे नसते, आणि म्हणून त्याच्याकडे उत्तरही नसते.

सर्वांत मोठा आक्षेप याहून मायेचा आहे. हा वाटून खाणारा मुलूख आहे. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसणाऱ्याची जात, गाव, ऐपत कुणी विचारत नाही. लातूरने 2016 च्या उन्हाळ्यात पाण्यासाठी काय सोसले ते साऱ्या देशाने पाहिले. जिथे माणसांनी पाणी वाटून घेतले तिथे नेटला कुलूप घालायचे? गरीब पोराने शेजारच्या वाय-फायवर चार व्हिडिओ पाहून अभ्यास केला तर ते पुण्यच नाही का? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर त्याच दोन उदाहरणांत आहे. लंगरची पंगत सर्वांना खुली असते, कोठीची किल्ली नसते. कोठी कुणाच्या तरी हवाली असते म्हणून तर पंगत रोज वाढता येते. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी 12 एप्रिल 2016 ला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली. पण त्याआधी मार्चमध्येच शहरातल्या पाणवठ्यांभोवती कलम 144 लावून जमावबंदी करावी लागली होती. कुणालाही वगळायचे म्हणून तो बंदोबस्त नव्हता. पाणी प्रत्येकाच्या घागरीपर्यंत पोचायला हवे, म्हणून होता. देण्याचा निर्णय एकदा केला की देण्याची शिस्तही येतेच.

ती शिस्त आपल्या जुन्या घरांनी बांधूनच ठेवली होती. मराठवाड्यातल्या वाड्यात दारातून आत आले की आधी ढेळज लागते. वाटसरूने तिथे टेकावे, पाणी प्यावे, गावकीच्या गप्पा कराव्यात. रात्र झाली तर तिथेच अंगावर घोंगडी ओढावी. त्यापुढे चौक, ओसरी, मग माजघर, आणि अगदी आत धान्याचे बळद. ढेळजेतल्या पाहुण्याला बळदापर्यंत नेले नाही म्हणून कधी कुणी त्या घराला कंजूष म्हटले नाही. आजच्या बहुतेक राउटरांत अशी ढेळज आहे. तिला ‘गेस्ट नेटवर्क’ म्हणतात. तिचे नाव वेगळे, शब्द वेगळा. तिथे आलेल्याला इंटरनेट मिळते. घरातला कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर, कॉम्प्युटर साधारणपणे दिसत नाहीत. पाहुणा, भाडेकरू, शेजारचा अभ्यासू पोरगा, सगळ्यांची सोय तिथे करावी आणि तो शब्द मनात येईल तेव्हा फिरवावा. माजघराचा शब्द घरातल्यांपुरता. उदारपणा तसाच राहतो, त्याला फक्त उंबरठा मिळतो.

जाणकारांकडूनही एक आक्षेप येईल. पासवर्ड वारंवार बदलण्याचा सल्ला आता जुना झाला, असे ते म्हणतील, आणि ते खरे आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या 2003 सालच्या मार्गदर्शिकेने अवघड चिन्हांचे आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याचे वळण जगाला लावले. तिचे लेखक बिल बर यांनी 2017 साली त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी संस्थेनेही मुदतीची सक्ती नको असे सांगितले. कारण दर तीन महिन्यांनी शब्द बदलायला लावला की माणूस जुन्याच शब्दापुढे 1, मग 2, मग 3 लिहितो. पण तो सल्ला एकट्याच्या खात्यासाठी होता, जिथला शब्द एकाच्याच पोटात असतो. त्याच संस्थेने हेही सांगितले आहे की शब्द फुटल्याचे दिसले तर तो बदललाच पाहिजे. घराचा वाय-फाय पासवर्ड वाटण्यासाठीच जन्माला येतो, म्हणजे फुटण्यासाठीच. तेव्हा कॅलेंडर पाहून तो बदलू नये, प्रसंग पाहून बदलावा: भाडेकरू गेला, घरात लग्न झाले आणि मांडवभर पाहुण्यांना नेट दिले, फोन चोरीला गेला, राउटर नवा आला.

राहता राहिली कटकट. ती नाकारण्यात अर्थ नाही. राउटरच्या बुडाशी चिकटवलेली चिठ्ठी वाचायची, ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा तिथे दिलेला पत्ता टाकायचा, आत शिरून नवा शब्द लिहायचा. मग घरातली सगळी उपकरणे एकदम बाहेर फेकली जातात आणि प्रत्येक खोलीतून ‘नेट गेलं का?’ अशी हाक येते. पण ही हाक म्हणजे घराची खरी शिरगणती आहे. कोण कोण जोडलेले होते ते त्या दिवशी कळते, आणि ज्याने हाक मारली नाही तोही कळतो. आत शिरल्यावर राउटरचा स्वतःचा प्रवेश-शब्दही बदलावा; तो वाय-फायच्या पासवर्डहून निराळा असतो आणि पुष्कळदा ‘ॲडमिन’ असा कारखान्यातून आलेलाच राहतो. 2016 साली ‘मिराय’ नावाच्या घुसखोर प्रोग्रामने अशाच साठेक कारखानी शब्दजोड्या आजमावत जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. नवा शब्द आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा चालतो, तेव्हा चिन्हांची कसरत करण्यापेक्षा लांबी वाढवावी. देवनागरी बहुतेक राउटर घेत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहावेत. तिफण, उतरंड, काजवा, पायली, असे काही. हे चार मात्र आता छापून आले, म्हणजे शिळे झाले. आपले आपण शोधावेत.

नीट आटोपली की ट्यूशन एरियातल्या खोल्या रिकाम्या होतात आणि जूनच्या आत भिंतींना नवा चुना लागतो. चुना लावायच्या आधी भिंतीवरची ती चिठ्ठी काढावीच लागते. ती काढाल त्याच दिवशी शब्दही बदला.