मूळ चाक कोणते?

यामाहाची आरडी ३५० बाजारात आली १९७३ साली, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक घेऊनच. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्सने तिला ‘राजदूत ३५०’ म्हणून भारतात उतरवले तेव्हा डिस्क गेली आणि ड्रम आला. इंजिनाची ताकद कमी केली होती खरी. तरी ३४७ सीसीच्या त्या टू-स्ट्रोकला आवरणे ड्रमच्या आवाक्याबाहेरचे होते. ज्याला आपण ‘ओरिजिनल’ म्हणून जपतो, तो ड्रमच मुळात अदलाबदलीतून आलेला!

म्हणूनच मांडवीतल्या एका गॅरेजात दुसऱ्या गाडीचे डिस्कवाले चाक लावलेली राजदूत पाहिली तेव्हा मला ती इतिहासाची मोडतोड वाटली नाही. अर्थात नुसते चाक बदलून भागत नाही. एक्सलची जाडी जुळावी लागते, कॅलिपरला फोर्कवर जागा लागते; म्हणून बहुधा फोर्कही त्याच गाडीचा घेतात. तो आखूड निघाला तर गाडी पुढे झुकते, वेगात हँडल चंचल होते. त्यात इथली खारी हवा: फोर्कच्या नळीवर गंजाचे ठिपके उठले की ऑइल सील गळू लागते.

काढलेला ड्रम मिस्त्रींनी तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. गाडी विकली तर तोही सोबत जाईल, असे ते म्हणतात.