ईशान्य म्हणजे शुमाल-मशरिक

बी.एड.ची सीईटी जवळ आली की माझ्या जुन्या विद्यार्थिनींचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो, "सर, कोणतं पुस्तक घेऊ?" पूर्वी मी लगेच पुस्तकाचं नाव सांगायचो. आता सांगत नाही. त्याचं कारण एक मुलगी आहे.

तिचं दहावीपर्यंतचं शिक्षण उर्दू माध्यमातलं, पुढे बी.ए. मुलगी हुशार. पहिल्या वर्षी माझ्याच सांगण्यावरून तिने सामान्य ज्ञानाचं जाडजूड गाइड पाठ केलं. मार्क कमी पडले, प्रवेश हुकला. अब्बांनी आणखी एक वर्ष दिलं, पण घरात लग्नाचा विषय निघू लागला होता.

दुसऱ्या वर्षी ती घरी आली तेव्हा आम्ही आधी पेपरचं स्वरूप नीट पाहिलं. 100 प्रश्न, 90 मिनिटं. बुद्धिमत्तेचे 40, सामान्य ज्ञानाचे 30, शिक्षक अभियोग्यतेचे 30. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. ज्या गाइडवर तिचं वर्ष गेलं, ते फक्त 30 मार्कांचं होतं!

मग घड्याळ लावून तिला सरावाचा पेपर दिला. इंग्रजीपेक्षा मराठी बरी म्हणून ती प्रश्न मराठीतून वाचायची. अभियोग्यतेत तिला अडचण आली नाही. घरी शिकवणीची मुलं सांभाळत असल्यामुळे वर्गातले प्रसंग तिला कळत होते. बुद्धिमत्तेत मात्र 40 पैकी 17 चुका. त्यातला एक प्रश्न असा होता : एक माणूस उत्तरेला 5 किलोमीटर गेला, उजवीकडे वळून पुन्हा 5 किलोमीटर गेला, तर तो मूळ ठिकाणापासून कोणत्या दिशेला आहे? तिने आकृती अचूक काढली होती. उत्तर लिहिलं होतं 'आग्नेय'.

मी विचारलं, "बेटा, कुठे पोहोचला तो?"

आकृतीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "शुमाल-मशरिक."

उत्तर बरोबर होतं. तिला 'ईशान्य' हा शब्द माहीत नव्हता, एवढंच. नात्यांच्या प्रश्नातही तेच झालं. 'जाऊ' म्हणजे देवरानी की जेठानी, यावर ती अडून बसली होती. मराठीत दोघींना एकच शब्द आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

कोणी म्हणजे मीच. पाचवी ते दहावी, सहा वर्षं ती माझ्याकडेच मराठी शिकली. मी कविता शिकवल्या, व्याकरण शिकवलं, निबंध पाठ करून घेतले. आठ दिशा कधी शिकवल्या नाहीत.

त्या दिवसापासून आम्ही एक वही केली. प्रत्येक पेपरनंतर चुकांचे तीन रकाने : घाईत चुकलं, प्रश्नच कळला नाही, येतच नव्हतं. पहिल्या प्रकाराला घड्याळ लावून सराव, दुसऱ्याला शब्दांची यादी, तिसऱ्याला पुस्तक. फजरनंतरचा एक तास ती दुसऱ्या रकान्यातल्या मराठी शब्दांसमोर उर्दू शब्द लिहायची. आठवड्याला एक पूर्ण पेपर, आणि तो तपासायला पेपर सोडवण्यापेक्षा जास्त वेळ.

तिला प्रवेश मिळाला. तिच्या अब्बांनी मिठाई आणली, माझे आभार मानले. मिठाई मी खाल्ली, पण आभार घेताना नजर खाली गेली. तिचं गेलेलं एक वर्ष माझ्या नावावर होतं.

म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकीला आता मी म्हणतो, पुस्तक नंतर घे. आधी एक पेपर सोडव आणि तुझे मार्क नेमके कुठे जातात ते मला दाखव.

आणि पाचवीच्या वर्गात भिंतीवर मी आठ दिशांचा तक्ता लावला आहे, मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांत.