चालतेय की अजून!

लग्नाच्या हॉलबाहेर गाडी लावताना हा प्रश्न हमखास येतो. "अजून हीच का?" विचारणारा नव्या गाडीतून उतरलेला असतो. तिच्या सीटवरचं प्लॅस्टिक निघालेलं नसतं आणि बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक ताजं असतं. जुन्या गाडीवाल्याचं उत्तरही ठरलेलं. "चालतेय की अजून!" आमच्या कोल्हापुरात हे जरा मान ताठ करूनच म्हणतात. पण ते पुरतं खरं नाही. जुनी गाडी नेहमी चालतेच असं नाही. ती चालत नाही तेव्हाही माणसं तिला सोडत नाहीत, आणि गंमत तिथंच आहे.

हिशेब मांडणारे पुष्कळ भेटतात. नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरते, वर हप्ता आणि विमा. त्या मानानं जुनीची वर्षभराची दुरुस्ती दोन-तीन हप्त्यांत भागते. हिशेब बरोबर आहे, पण बहुतेक जण तो निर्णय झाल्यानंतर मांडतात, घरच्यांना दाखवायला. ज्या वर्षी इंजिन उतरवावं लागतं, त्या वर्षीची वही कुणी उघडत नाही. काहीजण म्हणतात, वडिलांची आठवण आहे. असेल. पण आठवणीसाठी फोटो पुरतो. त्याचं ऑइल बदलावं लागत नाही.

मला विचाराल तर, जुन्या गाडीचे दोष पाठ झालेले असतात. गारठ्यात चोक किती ओढायचा आणि इंजिनचा आवाज कुठं आला की तो आत ढकलायचा, हे हाताला माहीत असतं. दुसरा गिअर पहिला किलोमीटरभर अडतो. मागचं डावं दार आतून उघडत नाही, म्हणून पाहुण्यांना तिकडं बसवून आपण उतरून दार उघडायचं. त्यांना तो मान वाटतो. पेट्रोलचा काटा पाव टाकीवर आला की टाकी रिकामी धरायची. नव्या गाडीतही दोष असतातच, पण ते आपल्याला ठाऊक नसतात. माणूस घाबरतो तो त्या ठाऊक नसण्याला.

एप्रिल-मे महिन्यात खंबाटकीचा घाट चढणाऱ्या कार्बोरेटरच्या गाड्या आठवून पाहा. त्यांचा पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला असे. चढाला इंजिन तापलं की पंपातल्या, पाइपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंपाला वाफ काही पुढं ढकलता यायची नाही. गाडी गचके खायची आणि बंद पडायची. पण जाणता ड्रायव्हर शांतपणे कडेला घ्यायचा, बोनेट वर करायचा, पंपावर ओलं फडकं टाकायचा आणि बिडी पेटवायला गाडीपासून चार पावलं लांब जायचा. पंधरा-वीस मिनिटांत गाडी पुन्हा चालू. मागच्या सीटवरच्या मंडळींना ही आफत वाटे. त्याच्या लेखी तो घाटातला ठरलेला थांबा होता.

आमचे मिस्त्री शिवाजी उद्यमनगरात आहेत. ऑइल इंजिनं आणि सुटे भाग घडवण्यात नाव कमावलेली ही वसाहत. ओतकाम करणाऱ्या भट्ट्या, लेथ, तेलात भिजलेल्या पायवाटा. आवाजाची तक्रार घेऊन गेलं की मिस्त्री आधी काही विचारत नाहीत. गाडी चालू ठेवायला सांगतात, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतात, त्याचं टोक इंजिनवर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. टोक जरा सरकवतात, परत ऐकतात. शेजारी पत्रा ठोकणाऱ्या पोराला हातानंच थांब म्हणतात. मग डोळे उघडून, "सर, इंजिन ठणठणीत हाय. डायनामोचं बेअरिंग बोलाय लागलंय." एखादा बुश बाजारात मिळेनासा झाला असेल तर समोरच्या लेथवर गनमेटलचा घडवून आणतात. तोवर आपण स्टुलावर बसून चहा घ्यायचा आणि आपल्याच गाडीचं पोट उघडं पडलेलं बघायचं.

नव्या गाडीच्या वर्कशॉपात आपल्याला काचेमागं बसवतात. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला असतो. स्टिअरिंगखाली एक वायर जोडली जाते, स्क्रीनवर अक्षर-आकड्यांचा कोड येतो आणि एक सभ्य मुलगा सांगतो की सेन्सर बदलावा लागेल. तो खोटं बोलत नसतो. इंधन मोजून देण्याचं काम कॉम्प्युटरकडं गेल्यापासून गाड्या स्वच्छ झाल्या, सकाळी पहिल्या चावीला चालू होऊ लागल्या. पण गाडी आपली असूनही तिच्याशी बोलायला दुभाषी लागतो.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांची प्रीमिअर पद्मिनी वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, छपरावर सामानाचं कॅरिअर. बिघाड झालाच तर रस्त्याच्या कडेला, पान्हा आणि पॉलिश पेपरवर भागायचं. आणि सुटे भाग मिळायचे तेही कुर्ल्यातच, जुन्या मालाच्या गाळ्यांत. जिथं जन्मली तिथंच तिचे अवयव मिळत होते. रोज कमवून खाणाऱ्याला गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये अडकणं परवडत नाही. त्याची पद्मिनीवरची माया ही त्या रोजंदारीची माया होती. तिच्यावर हळहळणारे लेख आम्ही मागं बसणाऱ्यांनी लिहिले. क्लच दाबून दाबून ज्याचा गुडघा धरला त्यानं कदाचित सुटकेचा श्वास टाकला असेल. मुंबईत टॅक्सीचं वय आधी 25 वर्षांवर आणि 2013 मध्ये 20 वर्षांवर आणलं गेलं. ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी होती 29 ऑक्टोबर 2003 ची. त्यामुळं 30 ऑक्टोबर 2023 पासून टॅक्सी म्हणून ती रस्त्यावर राहिली नाही.

जुनी गाडी ठेवणाऱ्यांचं कौतुक करताना क्यूबा विसरू नये. हवानाच्या रस्त्यांवरच्या त्या रंगीत अमेरिकन गाड्यांसमोर पर्यटक फोटो काढतात. त्या टिकल्या त्या हौसेनं नव्हे. अमेरिकेनं व्यापार तोडला, आणि 2011 पर्यंत तिथल्या नागरिकाला मोकळेपणानं विकता-घेता येत होत्या त्या फक्त 1959 च्या क्रांतीआधीच्या गाड्या. मग 1950 च्या दशकातल्या शेवरलेटमध्ये कुठलं डिझेल इंजिन बसवून ती पळवायची, ही कला आली. आपल्याकडंही मारुती 800 येईपर्यंत, म्हणजे डिसेंबर 1983 पर्यंत, फियाट आणि अँबॅसिडरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. मिळालेली गाडी जपण्यावाचून इलाज नव्हता. ती सवय एका अख्ख्या पिढीच्या अंगात मुरली आणि टंचाई संपल्यावरही गेली नाही. पर्याय असूनही जो जुनी ठेवतो, त्याच्यात त्या सवयीचा अंश असतोच.

सरकारला या सवयीचं कौतुक असण्याचं कारण नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. मग आरटीओत जाऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. फॉर्म, विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि चासी नंबरचा ठसा. हा ठसा घ्यायला बोनेटखालच्या पत्र्यावरची धूळ-ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची, त्यावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. एकेक आकडा पांढरा उमटत येतो. पूर्वी या नूतनीकरणाला 600 रुपये लागत, एप्रिल 2022 मध्ये 5000 झाले. दिल्लीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आदेशानं 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ताच बंद झाला. त्यावर पुढं बरीच भवति न भवति झाली. माझी तक्रार एवढीच, की वय मोजलं जातं कॅलेंडरवर. शाळेत सोडा आणि बाजारात जा, एवढंच पळालेली गाडी आणि रोज पुणे-कोल्हापूर मारणारी गाडी, दोघींचा वाढदिवस एकच धरतात.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. जुनी गाडी म्हणजे साधेपणाचं व्रत नाही. तिच्या धुराला ज्या कसोट्या लागल्या त्या एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 पुढं काहीच नाहीत. मागच्या स्कूटरवाल्याला तो वास येतो, आपल्याला येत नाही. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, पत्रा नखानं वाजवावा इतका पातळ. मी ती एक्सप्रेस वेवर नेत नाही आणि नातवंडं बरोबर असली तर मुकाट्यानं मुलाच्या गाडीत बसतो. दोष पाठ असण्यात हेही आलं.

आता नवं प्रकरण इथेनॉलचं. 2025 मध्ये देशातल्या पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण 20 टक्क्यांवर गेलं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधली गॅस्केटं त्यासाठी बनलेलीच नव्हती. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणजे उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजायची भीती. मिस्त्रींच्या दारात हल्ली या तक्रारीची रांग असते. परवा माझ्यापुढं शिरोळकडचे एक शेतकरी होते, माझ्या गाडीहून जुनी गाडी घेऊन आलेले. भेगाळलेला पाइप हातात धरून ते सरकारच्या नावानं बोटं मोडत होते. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, ऊस कुठल्या कारखान्याला घालता?"

काकांनी नाव सांगितलं.

"मग उसाचं बिल तिकडनं घ्या, आनि पाइपचं हितं द्या."