ओल नेमकी कुठली?

नवघर रोडवरच्या आमच्या इमारतीत पावसाळ्यात दोन भिंती छळायच्या. पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे सुटायचे. शेजाऱ्यांच्या लगतच्या भिंतीवर कपाटामागे काळी बुरशी धरायची. रंगारी दोन्हींना एकच औषध सांगायचे, ऑइल पेंट. गवंडीमामा म्हणाले, "ताई, आधी बघू तरी पाणी कुठलं ते."

त्यांनी वीतभर प्लास्टिक दोन्ही भिंतींवर धड जागी लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. एक-दोन दिवसांनी प्लास्टिकच्या आतून पाणी दिसलं तर ओल भिंतीतली, वरून दिसलं तर खोलीतल्या हवेतली. इतकी साधी परीक्षा सगळ्यांना माहीत असायला हवी!

पश्चिमेला पाणी आतून होतं. नैऋत्येचा आडवा पाऊस प्लास्टरच्या बारीक चिरांतून आणि खिडकीच्या कडांतून शिरत होता. कपाटामागे मात्र प्लास्टिक वरून ओलं. पलीकडे रात्रभर एसी चालतो, मधली भिंत जेमतेम साडेचार इंची, त्यामुळे आमची बाजूही गार पडते. 30 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा 26 अंशांहून गार भिंतीला लागली की पाणी सुटतंच. जुलैत खिडकी उघडली तर तीच हवा आणखी आत येते. तिथे कपाट चार बोटं पुढे ओढून पंख्याचा वारा मागे खेळू दिला आणि बुरशी आटोक्यात आली.

पश्चिमेच्या भिंतीला आतून ऑइल पेंट म्हणजे पाणी कोंडणं. बाहेरून ते येतच राहतं, वाळायला वाट उरत नाही. त्यात आमच्याकडे खाडी आणि मिठागरं जवळ. भिंतीत मीठ असेल तर हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की ते स्वतःच पाणी ओढतं, आणि बीम-कॉलमपर्यंत पोहोचलं तर सळ्यांचा गंज वाढवतं.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. तो मुद्दा मी सभेत लावून धरला. पाऊस सरल्यावर, भिंत वाळू देऊन, बाहेरच्या चिरा कापून भरल्या आणि वर लवचीक रंग दिला. गच्चीवर कठड्याच्या कडेचा फुटलेला वाटा, म्हणजे सांध्यावरचा गोलसर गिलावा, तोही नव्याने केला. पाणी साठवून तो तपासल्यावरच बिल मंजूर झालं. आतून साधा डिस्टेंपर आहे. ऑइल पेंट मी लावू दिलेला नाही.