मोडीतली भांडी

जुने स्वयंपाकघर विकत घ्यायचे असेल तर पुण्यासारखे गाव नाही. नवे स्वयंपाकघर कुठल्याही शहरात मिळते. कामकरी येतात, फळ्या जोडतात आणि जातात. जुन्यासाठी मात्र पेठांतून हिंडावे लागते, घासाघीस करावी लागते, आणि घरात वडीलधारे माणूस असेल तर त्याची संमतीही मिळवावी लागते. हे शेवटचे काम सर्वांत कठीण.

आमच्या इमारतीचा पुनर्विकास झाला आणि नव्या जागेतले स्वयंपाकघर कसे असावे, याची चर्चा घरात सुरू झाली. आखणी करणाऱ्या तरुणाने चित्रे दाखवली. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, जाळीचे कपाट, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, आणि भिंतीवर ओळीने टांगलेली तांब्यापितळेची भांडी. “सध्या हेच चालतं, मॅडम,” तो म्हणाला. कन्या खूश झाली. मीही हरखले. ओगराळे, काठवट, उतरंड, शिंके, घडवंची हे शब्द वर्गात समजावून देता देता मराठीच्या प्राध्यापिकेची पुरेवाट होते. त्या वस्तू रोज डोळ्यांपुढे असल्या तर काय बहार! सासूबाईंनी चष्मा लावून सगळी चित्रे पाहिली आणि एवढेच विचारले, “घासणार कोण?”

तरीही त्या आमच्याबरोबर निघाल्या. पहिला मुक्काम राजा दिनकर केळकर संग्रहालयात. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून घरगुती वापराच्या वस्तू जमवल्या आणि त्या संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. दिवे, अडकित्ते, वज्र्या पाहावयास लोक जातात. आम्ही भांड्यांपुढे थबकलो. खवण्या, विळ्या, सोरे! हाताच्या कामाच्या वस्तूंवरही कुणी किती जीव लावून नक्षी काढली होती! पण तिथे उभी असताना मला एक गोष्ट जाणवली, ती त्या तरुणाच्या चित्रांत नव्हती. ही सारी भांडी बसून वापरायची. विळीवर बसायचे, खवणीवर बसायचे, पाट्यापुढे बसायचे, जात्यापुढे बसायचे, चुलीपुढे तर बसायचेच. जुने स्वयंपाकघर जमिनीवर मांडलेले असे आणि आपण ते भिंतीवर टांगायला निघालो आहोत. मी हे सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “अगं, बसायचं नुसतं नव्हतं, उठायचंही होतं. दिवसातून शंभर वेळा. ओटा आला तेव्हा माझे गुडघे वाचले.”

तिथून तांबट आळी. कसबा गणपतीच्या परिसरात आलात की पुढे पत्ता विचारायला नको. कानच वाटाड्याचे काम करतात. तांब्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज एका घरातून थांबतो न थांबतो तोच दुसऱ्या घरातून सुरू होतो. हे त्वष्टा कासार पेशवाईत कोकणातून इकडे आले. त्यांच्या मठारकामाची कीर्ती मोठी. भांड्याच्या अंगावर शेजारी शेजारी, एकसारखे, हातोडीचे ठसे उठवत जायचे. दिसायला ती नक्षी वाटते, पण नुसती शोभा नव्हे. ठोकल्याने तांबे कठीण होते, मऊ पत्र्याला ताठपणा येतो. फार ठोकले तर मात्र ते तडकते, म्हणून मधूनमधून तापवून पुन्हा नरम करून घ्यावे लागते. पत्रा केव्हा तापवायचा हे त्या कारागिराला हातोडीच्या आवाजावरूनच समजत असावे, असे मला त्याच्याकडे पाहताना वाटत होते.

एका दारात बंब होता. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, बाजूला तोटी. कन्येने विचारले, “आजी, हा दिवाणखान्यात ठेवला तर?” आजी त्याच्या अंगावरून हात फिरवत म्हणाल्या, “ठेव. पण पहाटे उठून पेटवणार असशील तर.” बंब राहिला.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आम्ही रविवार धरला. तिथे काय नाही ते विचारावे! टवके उडालेले एनॅमलचे मग, पंपाचे स्टोव्ह, कंदील, वजने, बिडाचे तवे, झाकणे हरवलेल्या बरण्या आणि बरण्या हरवलेली झाकणे. शहाण्या गिऱ्हाइकाने वस्तूकडे पाहू नये, आकाशाकडे पाहत भाव विचारावा. मला हे जमत नाही. माझा चेहरा पाहूनच विक्रेता किंमत वाढवतो. सासूबाईंना जमते.

पितळी भांड्यांचा ढीग उपसता उपसता एक पातेले निघाले. काळवंडलेले, पण जाड आणि घाटदार. सासूबाईंनी पदराने त्याचा काठ पुसला. ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे घातली होती : कुणा एका मुलीचे नाव, ‘हिला मामांकडून’, आणि १९५८.

“मामानं दिलेलं भांडं मोडीत कोण घालतं गं?” त्या म्हणाल्या. मग क्षणभर थांबून, “मी घातलं की. माझ्या पातेल्यावर आत्याचं नाव होतं.”

हे मला ठाऊक नव्हते. तिथेच, त्या गर्दीत, त्यांनी ते सांगितले. साल १९७६. घरात सात माणसे, आणि पितळेची सगळी भांडी रोज चिंचेने घासायची. कल्हई उडाली की आंबट आमटी कळकायची आणि बोलणी त्यांना बसायची. शेजारच्या घरी स्टेनलेस स्टील आले होते. त्याला ना चिंच, ना कल्हई, ना वजन. दोन पातेली आणि एक घागर वजनावर मोडीत देऊन त्या स्टीलचे डबे घेऊन आल्या. “त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदानं. सकाळी उठून पुन्हा एकदा मोजले डबे.” आणि आत्या? “आत्यांना सांगितलं, चोरीला गेलं म्हणून.”

मी काही बोलले नाही. त्यांच्या पिढीतल्या किती जणींनी हे केले असेल! स्वयंपाकघरातले पितळ गेले, त्याबरोबर मनगटांवरचा भारही गेला. आणि आता त्याच पितळेचा भाव विचारत त्यांच्या सुना बाजारात उभ्या आहेत, घासणाऱ्या बाईला पगार देऊन. मला त्यात खोटे काही वाटत नाही, पण त्या चित्रांतला ‘जुना काळ’ मला त्या दुपारनंतर पूर्वीसारखा बघवेना.

सासूबाई पातेले खाली ठेवीनात. शेवटी म्हणाल्या, “टांगायला हवं असेल तर नको. आमटी करणार असशील तर घे.”

घेतले. मग कल्हईवाल्याचा शोध. पूर्वी हे लोक दारोदार ओरडत येत. आता त्यांच्या मागे आपण हिंडायचे. मिळाला एकदाचा. भाता चालवून त्याने पातेले तापवले, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने त्याने आतून एक फेरी मारली आणि काळ्या भांड्यात चंद्र उगवल्यासारखे झाले. जाताना त्याने बजावले, “रिकामं गॅसवर ठेवू नका, बाई.” त्यात तथ्य आहे. कथील २३२ अंशांना वितळते. आत पाणी असेपर्यंत भांड्याचा तळ तेवढा तापत नाही. घरात जुनी भांडी आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चकाकी टिकावी म्हणून तारेच्या घासणीने आतून खरवडणेही नको, आणि कल्हई उडालेली दिसताच चिंच, कोकम, टोमॅटो त्या भांड्यात घालणे बंद.

बाकी स्वयंपाकघर साधेच केले. काळीपांढरी फरशी घातली, कारण ती मला आवडते. जाळीचे कपाट कन्येने हट्टाने घेतले. त्यात तिची बिस्किटे असतात. पाटा-वरवंटा, जाते, विळी यांना सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. स्टीलचे ते डबे मात्र अजून आहेत, १९७६ चे, पोचे आलेले. आखणी करणाऱ्या तरुणाने ते आतल्या फळीवर ठेवायला सांगितले होते. सासूबाईंनी ते दर्शनी मांडून घेतले.

शनिवारी पितळी पातेल्यात आमसुलाची आमटी होते. ती त्याच करतात, उभ्याने.