आज भाजी कोणती?

गिया-बारे सिंड्रोम हे नाव 2025 च्या जानेवारीत पुण्यात घराघरांत पोचलं. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात रुग्ण वाढत गेले, पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, आणि त्याच सुमारास माझ्या पावलांना मुंग्या आल्या. पुढचं थोडक्यात सांगते, कारण आजारपणाची कहाणी सांगणाऱ्याला वाटते तेवढी ऐकणाऱ्याला रंगतदार वाटत नसते. पाय गेले, हात गेले, अतिदक्षता विभाग, इम्युनोग्लोब्युलिनच्या महागड्या बाटल्या, मग वॉकर, मग काठी, मग नुसती भिंत. 1916 साली तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये दिसलेल्या या आजाराचं वर्णन केलं. त्यातल्या स्ट्रोल नावाच्या तिसऱ्या डॉक्टरांचं नाव पुढे गळालं ते गळालंच. महिनोन्महिने पडून राहिलं की अशा लोकांबद्दलही वाईट वाटायला लागतं.

आधाराशिवाय चालायला लागले तेव्हा घरात पेढे आले. त्याच संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं, "ताई, आज भाजी कोणती करू?"

मला उत्तर देता येईना. फ्रिजमध्ये दुधी होता, फरसबी होती, मेथी निवडायची राहिली होती. दुधी केला तर मुलगा नाक मुरडणार. मेथीला वेळ लागणार आणि मावशींना पुढच्या घरी जायची घाई. फरसबी आज संपवली तर उद्याच्या डब्याला काय? हे सगळं मी वर्षानुवर्षं चहा गाळता गाळता ठरवत आले होते. त्या दिवशी विचार मेथीपाशीच अडला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, बेल वाजली, कुरिअरवाल्याने ओटीपी मागितला, आणि मी पलंगावर बसून रडायला लागले. अतिदक्षता विभागात मी रडले नव्हते.

घरच्यांना वाटलं, मनावर परिणाम झालाय. डॉक्टर मात्र अजिबात चकित झाले नाहीत. या आजारात स्नायूंची ताकद परतल्यावरही थकवा अनेकांना महिनोन्महिने सोडत नाही, काहींना वर्षानुवर्षं. मज्जातंतूवरचं आवरण तुलनेने लवकर भरून येतं, पण तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत किती मिलिमीटर होतात, हा हिशोब मी घरी येऊन केला आणि कोणाला सांगितला नाही. तोवर पाऊल कुठे पडतंय, हातातली वाटी घट्ट धरली आहे ना, याकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. मग मेथीला लक्ष उरत नाही.

पोटाच्या बाबतीत आपल्याकडे हळूहळू पूर्ववत होण्याचा विचार किती बारकाईने झालाय! चरकसंहितेत शोधनानंतर, म्हणजे पोट साफ करण्याच्या उपचारांनंतर, माणसाला एकदम जेवायला वाढत नाहीत. आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग कडधान्यांचं यूष, अशी पायरीपायरीने चढण आहे. कारणही दिलंय: बारीकसा विस्तव जसा गवत, शेणी घालत हळूहळू वाढवावा, तसाच जठराग्नी. आजही तापातून उठलेल्याच्या ताटात मऊ भातच असतो आणि त्याबद्दल कोणी वाद घालत नाही. पण कानांना, डोळ्यांना, सतत काहीतरी ठरवणाऱ्या डोक्याला मऊ भात कोण देतो? त्यांना पहिल्याच दिवशी पुरणपोळी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलला हे कळलं होतं. 1859 च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये तिने आवाजावर स्वतंत्र प्रकरणच लिहिलंय. खोलीबाहेरची कुजबुज, स्कर्टची सळसळ यांवरही ती तुटून पडते. दुसरं एक प्रकरण रुग्णाला पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर आहे. ते मी शहाळी घेऊन येणाऱ्या काही नातेवाइकांना वाचून दाखवणार होते. क्रिमियाहून परतल्यावर ती स्वतः कित्येक वर्षं आजारी होती. भेटीगाठी टाळून अंथरुणातूनच काम करायची, आणि भारतात कधीही न येता इथल्या पाण्यावर नि स्वच्छतेवर लिहीत राहिली. तिला आज भाजी कोणती हे कोणी विचारत नसावं, असा मला संशय आहे.

मी दवाखान्यात होते तेव्हा घर चाललं होतं की! नवरा कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहीत होता, सिलिंडरचा नंबर लावत होता, मावशींच्या सुट्ट्या लक्षात ठेवत होता. मी भिंत सोडली मात्र, आणि हे सगळं एका शब्दाशिवाय माझ्याकडे परत आलं. थकव्याचा नाही, मला राग आला तो याचा. पुढच्या रविवारी मी म्हटलं, पाय परत आलेत, बाकीचं तुझ्याकडेच राहू दे. आता आठवड्याच्या भाज्या तो कागदावर लिहून फ्रिजला चिकटवतो. त्यात बटाटा संशयास्पद वेळा येतो. दुपारी बेल बंद असते. डोक्यावरून अंघोळ केली त्या दिवशी बाहेरचं काम नाही. मंडईत मी जाते, पण पिशवी न घेता. बँकेचं केवायसी मात्र अजून जमत नाही. त्याची चौकट फोनवर आली की मी फोन उशीखाली ठेवून देते.

आणि मग गौरी-गणपती आले. थोरल्या जाऊबाईंचा फोन.

"आता चालतेस ना छान? मग गौरी नेहमीसारख्या तुझ्याकडेच. सोळा भाज्यांचं काय ते ठरव, मी आदल्या दिवशी येते निवडायला."

"वहिनी, यंदा तुमच्याकडे बसवा," मी म्हटलं. "मी जेवायला येईन. आणि जेवून झोपेन."

"झोपशील? घरात सवाष्णी, पोरंटोरं, आरत्या. कुठे झोपणार तू?"

"तुमच्या मागच्या खोलीत. दार लावून."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग त्या म्हणाल्या, "त्या खोलीचा पंखा आवाज करतो गं. दुरुस्त करून घेते."